तीनशे छत्तीस तास

राई, भाईंदर (पश्चिम)
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय रसिका,

मनालीच्या लग्नात तू म्हणाली होतीस, "तळावर रविवारी अर्धा तास फोन मिळतो आणि तो अर्धा तास आई खाते. तू आपली पत्र लिही." आपल्या आज्या सख्ख्या बहिणी असल्या तरी आपण दोघी आयुष्यात तीनदाच भेटलोय. तरीही लिहितेय, कारण आज जे झालं ते कळेल अशी आपल्या सगळ्या नात्यागोत्यात तूच एक आहेस, नौदलाच्या विमानांची देखभाल करणारी. बाकीच्यांना वाटतं मी बिजागऱ्या मोजते.

आज मी सही केली.

आमचा गाळा भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आहे. जितेंद्रशेठ आधी लोखंडी कपाटांच्या बिजागऱ्या बनवायचे. गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीने त्यांना विचारलं, की नौदलाच्या गस्ती विमानाच्या पोटाखाली जे दार असतं, त्याची बिजागरी करून द्याल का? जुनी बिजागरी समुद्राच्या हवेने गंजून घट्ट धरते, सारखी बदलावी लागते. आठ महिने आम्ही तिच्यावरच्या मुलाम्यावर काम केलं. पाच वेळा नापास झालो. माझी रसायनशास्त्राची बीएस्सी कशाला कामी येणार, असं सगळे विचारायचे. ती इथे कामी आली.

शेवटची चाचणी मिठाच्या पेटीची. पेटी आपल्या फ्रीजएवढी. आत पस्तीस अंशाला मिठाच्या पाण्याचं धुकं अखंड सुटलेलं. त्यात सहा बिजागऱ्या टांगायच्या आणि तीनशे छत्तीस तास, म्हणजे बरोबर चौदा दिवस, तशाच ठेवायच्या. पेटी बंद करायची नाही, तुकड्यांना हात लावायचा नाही. रोज सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहायचं. चोवीस सप्टेंबरला टांगल्या, काल काढल्या. रसिका, एकावरही डाग नाही! दुकानातून आणल्यासारख्या.

प्रमाणपत्रावर तपासनीस म्हणून माझं नाव कंपनीने मंजूर केलेलं आहे, दुसऱ्या कुणाची सही चालत नाही. त्या एका सहीवर दोनशे चाळीस बिजागऱ्या एक नोव्हेंबरला रवाना होतील. आईला कागद दाखवला तर म्हणाली, "एवढंसंच नाव? जरा मोठं तरी काढायचं!"

त्या दाराचं नक्की काम काय, ते तू सांगू शकशील तेवढं सांग. मी बनवलेली वस्तू कुठे बसते ते मला कुणी सांगतच नाही.

तुझी
संचिता


तळावरून
१३ ऑक्टोबर २०२५

संचिताबाई तपासनीस यांस,

अभिनंदन! तुमच्या पत्राला मशीनच्या तेलाचा वास येतोय, म्हणजे तुम्ही खरोखर काम करता. पटलं.

दाराचं सांगते, जेवढं सांगायला हरकत नाही तेवढं. आमचं विमान समुद्रावरून फार खालून जातं. लाटांचे तुषार त्याच्या पोटाला लागतात. परत येतं तेव्हा पोटाखाली पांढरा थर असतो. मी पहिल्या दिवशी बोट लावून चाखला होता, आमचे चीफ, म्हणजे गटप्रमुख, ओरडले. मग आम्ही गोड्या पाण्याने ते सगळं धुतो, प्रत्येक सांध्यात, प्रत्येक खाचेत. आकाशात अर्धा दिवस आणि खाली आमच्या हाताखाली दीड दिवस, असा त्या विमानाचा संसार आहे. सिनेमात फक्त आकाशातला भाग दाखवतात.

त्या दारातून बऱ्याच गोष्टी खाली सोडतात. त्यातली एक सांगते. बोट बुडत असेल तर रबरी तराफा. पाण्यात पडला की आपोआप फुगतो. खाली माणसं हात वर करून असतात. विमान तिथे थांबू शकत नाही. एका फेरीत दार उघडलं तर उघडलं. जुन्या बिजागऱ्या मी स्वतः ठोकून सोडवल्यात, म्हणून तुझ्या नव्यांची वाट बघतेय.

आम्ही दसऱ्यालासुद्धा विमान धुतलं. चीफनी नारळ फोडला, हार घातला आणि लगेच पाण्याचा पाइप हातात दिला. बाय द वे, तुमच्याकडे खंडेनवमीला यंत्रं बंद ठेवून पूजा करतात ना? मग ती पेटी चालू कशी ठेवली? रुसली नाही का?

तुझी
रसिका (पाइपवाली)


राई
१७ ऑक्टोबर २०२५

प्रिय रसिका,

तुझा शेवटचा प्रश्न मी बसमध्ये वाचला आणि स्टॉप येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

दसऱ्याचे दोन दिवस गाळा बंद होता. मलाही सुट्टी हवी होती. म्हणून पेटीची किल्ली आणि वही मी आमच्याकडच्या एका जुन्या कामगाराकडे दिली आणि सांगितलं, दोन वेळा आकडा लिहा. वहीत चारही आकडे होते. पस्तीस, पस्तीस, पस्तीस, पस्तीस. मी ते बघून पुढे गेले. काटा इतका शहाण्यासारखा कधीच वागत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी पेटीच्या तळाची जाळी काढली. खाली झेंडूची पाकळी होती. मिठाने पांढरी पडलेली.

मी त्या माणसाला विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी पेटी बंद केली, आतून धुतली, हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. दसऱ्याच्या संध्याकाळी परत चालू केली. एकतीस तास. आणि तुकडे खाली उतरवून फडक्याने पुसले आणि खोबरेल लावून परत टांगले.

खोबरेल! म्हणजे पुढचे सहा दिवस मीठ तेलावर पडत होतं. डाग पडणार कुठून?

मी शेठना सांगितलं. ते हसले. "अरे बेटा, दसरे के दिन मशीन चालू रखना पाप है. मी पण घरी गाडीची पूजा केली. माल अच्छा है ना? मग दोन दिवसांचं लोखंडाला काय समजतं?" मी म्हटलं, चाचणी परत करू, चौदा दिवस द्या. ते म्हणाले, एक तारीख चुकली तर कंपनी दुसऱ्याकडे जाईल, इथे वीस माणसं बसून राहतील, सही झाली ती झाली.

माझी सही अजून त्या कागदावर आहे.

संचिता


तळावरून
२१ ऑक्टोबर २०२५

संचिता,

चेष्टा नाही आज.

तू शांतपणे लिहिलंयस आणि त्याचाच मला राग आलाय. "एक जुने कामगार." जुने असतील, पण अक्कल? पेटी बंद ठेवली हे एक वेळ समजू शकते. वहीत खोटे आकडे लिहिले, ते का? आमच्याकडे एखाद्याने न तपासता "तपासलं" असं लिहिलं तर त्याला पुन्हा विमानाजवळ उभं करत नाहीत. आळशी माणूस, सुट्टीत दोन वेळा चक्कर मारायचा कंटाळा आला, आणि नाव देवाचं. असा माणूस एक दिवससुद्धा तिथे ठेवू नका.

आणि तू सही मागे का घेतली नाहीस? शेठ हसले म्हणून?

मी सरळ सांगते. एक तारखेपर्यंत थांबते. त्याच्या आत तू स्वतः कंपनीला कळवलं नाहीस, तर मी चीफना सांगणार. मग आपल्या आज्या बहिणी असोत नाहीतर कुणी असोत.

रसिका


राई
२५ ऑक्टोबर २०२५

प्रिय रसिका,

ज्या आळशी माणसाला एक दिवससुद्धा ठेवू नको म्हणतेस, त्याने मनालीच्या लग्नात तुझ्या ताटात हट्टाने तिसरी जिलबी वाढली होती. ते माझे बाबा. तुझे धाकूकाका.

भांड्यांचा कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला, तेव्हापासून ते आमच्याच गाळ्यात पॅकिंगला आहेत. मला इथे त्यांनीच चिकटवलं. मी तुला नाव लिहिलं नाही, ही माझी दुसरी खोटी नोंद समज.

पण आळशी म्हणू नकोस. राईहून सुट्टीच्या दोन्ही दिवशी ते गेले होते. मी विचारलं तेव्हा ते आनंदाने सांगत होते. "अगं, बिचारी रात्रंदिवस मीठ ओकते. वर्षातून एक दिवस तिला विसावा नको?" मग मी विचारलं, तुकड्यांना तेल का लावलंत? तर म्हणाले, "तुझी परीक्षा हाय ना ती? तू रोज काचेतून वाकून बघायचीस, डाग पडला का, डाग पडला का. मला बघवेना. म्हटलं पुसून ठेवू, आता न्हाय पडणार."

"बाबा, परीक्षा त्या लोखंडाची होती. माझी नव्हती."

"एकच झालं."

आकडे का लिहिले, तर वहीत रकाना मोकळा दिसला तर तुला बोल लागेल म्हणून. चौथी शिकलेल्या माणसाने वरचा आकडा बघून बघून खाली उतरवला. मी त्यांना आकडा लिहायला सांगितलं होतं. तो आकडा कशासाठी असतो, ते सांगायला मला वेळ नव्हता. पदवीधर ना मी!

शेठना मी पुन्हा सांगितलं, की सही मागे घेते. या वेळी ते हसले नाहीत. "घे. पण मग चुकला कोण ते लिहावं लागेल. धाकूचं नाव लिहीन. बाप को घर बिठाएगी?"

घरी बाबांना हे कळलं. म्हणाले, "शेठ बोलतात ते ऐक. या वयात मला दुसरा कोण ठेवणार हाय?" मी नाही म्हटलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. दिवाळीत फराळाचं ताटसुद्धा आईकडून पाठवलं, स्वतः दिलं नाही. आई म्हणते, "शिकवलं कशाला तुला? बापाविरुद्ध लिहायला?"

मी तिला काय सांगू? तिने मला शिकवलं तेव्हा तिला वाटलं मुलगी साहेबांपुढे मान वर करून उभी राहील. तशीच उभी राहतेय. फक्त साहेबांच्या बाजूला बाबा उभे आहेत.

परवा सोमवारी मी लेखी देणार आहे. तुझ्या एक तारखेच्या धमकीमुळे नाही. तू धमकी दिली नसतीस तरी दिलं असतं, फक्त मला थोडं जास्त रडू आलं असतं.

संचिता


तळावरून
२९ ऑक्टोबर २०२५

संचे,

"आळशी" हा शब्द मागे घेते. काकांच्या पाया पडून मागे घेईन, भेटले की. बाकीचं पत्र मागे घेत नाही.

हे लिहितेय तोवर तुझा सोमवार होऊनही गेला. चीफना मी काही सांगितलेलं नाही.

पण एक ऐक. तू फार सरळ आहेस आणि सरळ माणसाला लोक वाकवतात. तुझ्या सहीशिवाय त्या शेठला एक डबा हलवता येत नाही, हे तूच लिहिलंयस. मग धर ना अडवून! परत चाचणी होईल, तुकडे पास होतील, तेव्हा सांग: धाकूकाकांना कामावर घ्या, मग सही. त्यांनी काकांच्या पोटावर पाय द्यायची धमकी दिली, तूही त्यांच्या शेपटीवर पाय दे. आपल्यासारख्यांच्या हातात आयुष्यात एकदा काहीतरी येतं. ते फुकट सोडू नकोस.

काय झालं ते लगेच लिही. रविवारचा फोनही आईकडून हिसकावून घेईन, पण तुमच्याकडे घरात काकांसमोर तू काय बोलणार? म्हणून लिहीच.

रसिका


राई
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय रसिका,

लगेच लिहिलं नाही, कारण शेवट काय होतो ते मलाच माहीत नव्हतं. आता क्रमाने सांगते.

सोमवारी सकाळी मी शेठच्या टेबलावर कागद ठेवला. त्याची एक प्रत आधीच कंपनीला पाठवली होती. "चाचणी एकतीस तास बंद होती, नमुने मध्येच पुसून त्यांना तेल लावलं गेलं. सुट्टीत नोंद ठेवायचं काम मी धाकू यांना दिलं, ते कसं आणि का करायचं हे मी समजावलं नाही, आणि नोंद न पडताळता सही केली. ती सही मी मागे घेत आहे." बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, लपवलं नाही. माझंही नाही.

शेठनी बाबांना केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता काढणार. पण ते एकदम गोड झाले. "धाकू, बैठ. पोरगी लहान आहे, घाबरली आहे. तू फक्त एवढं लिहून दे की मशीन चालू होती. तू काय बंद केली नव्हती. पूजा बाहेरून केली, झेंडू हवेने आत गेला. बस. मी कंपनीला सांगतो, गैरसमज झाला. तू पण इथेच, ती पण इथेच."

बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. सहा दिवस बघितलं नव्हतं. मला खात्री होती ते लिहून देणार. त्यांना तेच तर हवं होतं.

ते उभेच राहिले. म्हणाले, "शेठ, बंद केली होती."

"अरे, माहीत आहे. पण लिहायला काय जातं?"

"नारळ फोडलाय शेठ. तिला विसावा देतो असं बोलून फोडलाय. आता फोडला न्हाय कसं बोलू?"

"धाकू, भगवान को कौन पूछने जाता है?"

"माझं नाव लिहा, मला काढा. पण केलेली पूजा न्हाय केली, असं मी लिहून देणार न्हाय. कुणालाच न्हाय."

रसिका, ते माझ्या बाजूने बोलले नाहीत. त्यांना अजूनही वाटतं की मी उगाच ताणलं. ते त्यांच्या देवाच्या बाजूने बोलले. पण आम्ही दोघं एकाच टेबलासमोर उभे होतो आणि दोघांनीही लिहून द्यायला नकार दिला. बाहेर सगळी मशीनं चालू असताना आतलं कुणाला ऐकू जात नाही, तरी त्या दिवशी पॅकिंगच्या वासंतीताईंनी आम्ही बाहेर आल्यावर दोघांनाही चहा आणून दिला.

त्याच संध्याकाळी बाबांचं काम गेलं. बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. उतरताना म्हणाले, "कागदावर माझं नाव नीट लिहिलंस ना? आडनावासकट?" मी हो म्हटलं.

कंपनीने शेठचं ऐकलं नाही, माझा कागद ऐकला. त्यांचा माणूस मंगळवारी आला, मालातून स्वतः सहा नवे तुकडे निवडले आणि पेटीला स्वतःचं सील लावलं. पाठवणी पुढे ढकलली, रद्द केली नाही. मी चौदा दिवस, रविवार धरून, दोन्ही वेळा गेले. एकदा चौतीस, एकदा छत्तीस, एकदा साडेपस्तीस. खरे आकडे असे वेडेवाकडे असतात.

अकरा तारखेला सील उघडलं. सहाही तुकडे स्वच्छ. तेल नाही, फडकं नाही, नुसतं मीठ आणि चौदा दिवस. मुलामा खरंच चांगला आहे, रसिका. आठ महिन्यांचं काम खरं निघालं.

शेठ टाळी वाजवून म्हणाले, "देखा? मी तेव्हाच बोललो होतो, माल पास आहे. उगाच तमाशा केलास. काय मिळालं?"

मी म्हटलं, "आता पास झालाय, शेठ. तेव्हा नव्हता झाला."

त्यांनी प्रमाणपत्र पुढे केलं. तुझं पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. खोटं नाही सांगत, मी पेनाचं टोपण काढून थांबले. बोलले असते तर शेठनी बाबांना त्याच क्षणी परत घेतलं असतं. ते माझ्या तोंडाकडेच बघत होते, मी काय मागते याची वाट बघत. त्यांनाही तुझ्यासारखंच वाटत होतं की आता मी मागणार.

पण मग ती सही कशाची झाली असती? तुकडे चांगले आहेत याची, की बाबा कामावर आहेत याची? उद्या तुझ्या हातात ती बिजागरी येईल, तेव्हा खालच्या नावावरून तुला एकच गोष्ट कळली पाहिजे. मी सही रोखून धरून विकली असती, तर शेठच्या सांगण्यावरून खोटी सही तशीच ठेवण्यापेक्षा ते काय वेगळं? तू म्हणतेस सरळ माणसाला वाकवतात. वाकवून बघितलं त्यांनी. मी सही केली आणि मग म्हटलं, "सही झाली. ती आता कुणाच्या हातात नाही. आता सांगते, बाबांना काढलंत ते चूक केलंत. त्यांनी एक खोटी ओळ लिहिली असती तर त्यांचं काम टिकलं असतं. असा माणूस तुम्हाला पॅकिंगला परत मिळणार नाही."

शेठ म्हणाले, "बहोत बोलती है. महिनाअखेर तू पण दुसरं बघ."

मला हे येणार माहीत होतं. म्हणून सही आधी केली.

बाबा सध्या जवळच्या डोंगरी गावात एका ओळखीच्यांच्या बोटीच्या डागडुजीला मदतीला जातात. रोज नसतं. आई अजून मला टोचून बोलते, पण काल शेजारच्या काकूंना सांगत होती, "आमच्या हिने शेठला तोंडावर सांगितलं," आणि आवाज बराच मोठा होता. मी तीन ठिकाणी अर्ज केलेत. मुलाखतीत विचारतील, आधीचं काम का सोडलं? मी सगळं सांगणार आहे. दसऱ्यापासून.

दोनशे चाळीस बिजागऱ्या काल गेल्या. डब्यावर गटाचा क्रमांक आहे आणि प्रमाणपत्रावर माझं नाव, आईच्या इच्छेप्रमाणे जरा मोठ्या अक्षरात. तुमच्याकडे पोचल्या की हाताने उघडमीट करून बघ, चीफनाही बघायला सांग, विश्वास ठेवू नका. काहीही खटकलं, आज किंवा दहा वर्षांनी, तर मला लिही. उत्तर मीच देईन. फक्त कारखान्याच्या पत्त्यावर पाठवू नका, राईला पाठवा.

तुझी
संचिता